तळमजल्यावरची खोली

कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स
१३ मार्च २०२१

प्रिय वृंदा,

आणि तुझ्यासोबत आपण सगळ्याच जणी! नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आलेल्या, बाहेर पाऊस आणि घरात नुसती शांतता असताना बसायचं कुठे, हे ज्यांना कुणी कधी सांगितलं नाही, अशा. आपण मॉलमध्ये बसलो. काही विकत न घेता, सरकत्या जिन्याशेजारच्या बाकांवर वर्षानुवर्षं बसलो. आता तो मॉल पाडून तिथे उंच इमारती होणार, आणि नकाशात तळमजल्यावर काय आहे? जिम, सायकली ठेवायची जागा आणि पार्सलांची कपाटं. पार्सलांना निवारा आहे, बायकांना नाही.

झालं माझं भाषण सुरू. आधी खुशाली विचारायची असते. कशी आहेस? श्रेयसचं काय चाललंय? तू व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडलास. कोविडच्या नियमाने घरी एकाच पाहुण्याला परवानगी आहे, आणि तो पाहुणा मी असावं असं तुला वाटेल याची खात्री नाही. म्हणून हे पत्र सायकलवरून येऊन तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकते आहे.

आम्ही ठीक. नीळकंठचं ऑफिस वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आहे. मीटिंग चालू असताना कुकर लावायचा नाही, मिक्सरचं तर नावच नको. परवा मी शिंकले तर बंगळुरूहून कुणीतरी काळजी घ्यायला सांगितलं. आपल्या बाकावरच्या वीणाने घरी पाव भाजायचा सोडला; तिच्या घरचे आता सुखात आहेत.

गुरुवारी नगरपालिकेच्या ऑनलाइन सभेत मी मॉलबद्दल बोलले. तू पाहिलं नसशील तर बरंच. तसं चांगलं झालं भाषण. डच व्याकरण चोख, आवाज खणखणीत.

बरं, सांगते. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी अध्यक्षबाईंचे आभार मानले, मग पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीतल्या सदस्याला नावानिशी नमस्कार केला. व्यासपीठावरच्यांची नावं न घेता सुरुवात करणं मला अजूनही जमत नाही. मग अथेन्सच्या चौकात गेले. तिथून रोमच्या स्नानगृहांत, तिथून आपल्याकडच्या पारावर, आणि आता मॉलच्या दारात पाऊल टाकणार इतक्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, "मेव्राउ, तुमची वेळ संपली. तुम्हाला नेमकं काय हवं होतं, ते कळलं नाही. धन्यवाद." आणि माझा माइक बंद झाला.

स्वयंपाकघरातून नीळकंठ म्हणाला, "अजून पाच मिनिटं दिली असती तर दीपप्रज्वलनही उरकलं असतं." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या मीटिंगांना ते सोयीचंच पडलंय.

इमारती नकोतच, असं मी ग्रुपवर गर्जत होते, तेव्हा तू एवढंच लिहिलं होतंस की श्रेयस सत्तावीस वर्षांचा झाला, अजून तुमच्याकडेच राहतो, त्याला घर हवंय. त्यावर मी इतका लांब व्हॉइस मेसेज पाठवला, की तो ऐकण्यापेक्षा तुला ग्रुप सोडणं सोपं वाटलं असणार.

काही विकत न घेता जिथे बसता येत नाही, त्याला मी गाव म्हणणार नाही, ते गोदाम. हे मत माझं आजही आहे आणि मरेपर्यंत राहील. पण घरांशी माझं वैर नाही. होऊ देत इमारती, आभाळाला टेकू देत. श्रेयसला सर्वांत वरचा मजला मिळो. खाली मात्र एक खोली हवी. छप्पर, बाकं आणि उघडं दार, एवढंच.

सभेसाठी मी "परिसरातील ज्येष्ठ महिलांना" असं लिहून नेलं होतं. कुठल्या ज्येष्ठ महिला, वृंदा? मीच ती. बाकांवर लाल-पांढरी पट्टी लागल्यापासून मी रोज सकाळी कोट घालते, दारापर्यंत जाते आणि कोट काढून परत खुंटीला लावते. तिथे आपण काय एवढं बोलायचो, ते आठवत नाही. तू मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलायचीस आणि सुरक्षारक्षक दुसरीकडे बघायचा, ते आठवतं.

पुढची बैठक येत्या गुरुवारी आहे. एका विषयावर एका माणसाला एकदाच बोलता येतं, म्हणजे माझी पाळी संपली. तू हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घेतेस. भेदरलेल्या माणसाला एका वाक्यात पॅरासिटॅमॉल घ्यायला लावून घरी थांबवतेस. असं बोलणारी आपल्यात दुसरी कुणी नाही. मुलाला वर घर आणि आईला खाली बसायला जागा, हे दोन्ही एका दमात तूच मागू शकतेस. मला यातलं एकच मागता येतं, आणि तेही माझ्याने धड झालं नाही.

मंगळवारी दुपारच्या आत नगरपालिकेला फोन कर आणि बोलणाऱ्यांत तुझं नाव नोंदव.

मी ऐकायला असेन. कॅमेरा चालू, माइक बंद.

तुझी,
जयंती