जनार्दनची रिकामी चौकट

मंगळवार, संध्याकाळ. अंधेरी.

सायकलींवरचे पेडलचे फेरे मोजायचे काटे, हजेरीचे तक्ते, नोंदींचा कॉम्प्युटर प्रोग्राम. सगळं माझ्या हातचं, कुठल्या कॉलेजात न शिकता.

व्यायामाने सिगारेट सुटते का, हे तपासणारा आमचा अभ्यास. शेवटच्या तपासणीला काही जण आलेच नाहीत. नियम सुरुवातीलाच लिहिलाय: जो येणार नाही, तो 'ओढतो' असं धरायचं. आज प्रमुख म्हणाले, "सावंत, न आलेल्यांना यादीतूनच काढा ना. आकडे कसे झकास दिसतील बघा."

तक्त्यात वर्सोव्याच्या जनार्दनची चौकट रिकामी. तीच सारखी डोळ्यांपुढे येत होती. शेवटी त्याला फोन केला.

"सुटली नाय, दादा. तोंड काय दाखवू?"

म्हणजे सुटली नाही म्हणूनच तो आला नाही. अशांना वगळायचं आणि व्यायामाचे गुण गायचे? बाकीचे का आले नाहीत, मला ठाऊक नाही. कुणी गावीही गेला असेल. पण नियम आहे तोच राहील.

जनार्दनच्या चौकटीत 'ओढतो' लिहिलं. पुढे, 'फोनवर सांगितलं'.

न आलेल्यांची नावं यादीतून काढली तर पुढच्या अभ्यासाचं काम मला, आणि वर रोख, असं प्रमुख म्हणाले होते. नाही म्हटलं. चाळीस हजार सोडले.