नानांच्या फायली

गिरगाव, सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

शेजारचे नाना आज पुन्हा ऑफिसची फाईल घेऊन आले. मोतीबिंदू इतका पिकलाय की कागद नाकाला टेकवला तरी अक्षर दिसत नाही. तरी रोज कामावर जातात. पूर्ण पेन्शनला अजून वर्ष हवं, आत्ता नोकरी सोडली तर कापून मिळेल. मग वाचायचं मी, मसुदा लिहायचा मी आणि सही नानांनी ठोकायची. सहीची जागाही मीच बोट ठेवून दाखवते.

आणि मला? पंचावन्न झाली, हार घातला, धाडलं घरी. डोळे धडधाकट, नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी. काम येतं का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

खाली संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या, त्यामुळे ओरडूनच वाचावं लागलं. शेवटी म्हटलं, "नाना, ऑपरेशन करून घ्या."

"रजा उरली नाही, माई. बिनपगारी घेतली तर ते दिवस नोकरीत धरत नाहीत."

"मग पेन्शन मिळेल तेव्हा नोट तरी ओळखाल का?"

"तुम्ही आहात की ओळखायला!"

हसले मेले. वर सांगतात कसे, "साहेब हल्ली माझ्या मसुद्यांवर खूश आहेत. पंचावन्ननंतर मुदतवाढ देऊ म्हणतात."

माझ्या मसुद्यांवर! मला नाही कोणी दिली ती.

"पेन्शनपुरतं लिहीन, नाना. मुदतवाढ तुमच्या डोळ्यांनी मिळवा."

नानांनी फाईल उचलली. दाराशी पायानं चपला चाचपडत उभे राहिले. शेवटी मीच उठून पुढे सरकवल्या.