जागा उरली तर

सोमवार, ९ मार्च

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विमानतळावरचे सगळे पडदे काळे! चौदा काउंटर, चौदाही ठप्प. संगणकवाला म्हणाला, "अर्ध्या तासात येतं." दुपारी दोनला तोच कुठे दिसेना.

आणि नेमकं आजच आईला जायचं होतं. मावशी इस्पितळात. मावसभावाचा रोज फोन – "अक्का कधी येते, एवढंच विचारते." मध्ये समुद्र, म्हणजे विमानाशिवाय वाट नाही. आईच्या पिशवीत मावशीचा चष्मा आहे, मागच्या खेपेला इथे विसरलेला. नवा केलाय म्हणे, पण तिला तो पटत नाही. "चष्म्याशिवाय मला ओळखायची कशी ती?" – इति आई.

मी आईला घरच्यांचं तिकीट काढून दिलं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना फुकटात मिळतं ते. जागा उरली तर जा, नाहीतर बसा. आई म्हणत होती, साधं तिकीट काढ. पण मी पडले शहाणी! "सव्वीस वर्षं बघतेय, जागा उरतेच." घ्या आता.

संध्याकाळी बसमध्ये आई पिशवीतला चष्मा चाचपत बसलेली. मावसभावाला फोन लावते म्हटलं, तर म्हणाली, "बोलले मी दुपारी. त्रास कमी झालाय तिचा." हुश्श!

मंगळवार, १० मार्च

सगळं हाताने. नाव पेन्सिलीने यादीत, मग पास हाताने लिहायचा, मग बॅगेला चिठ्ठी. एक विमान भरायला पाच तास. बोटाला घट्टा पडलाय. नव्या पोरींना कार्बन कागद कुठून उलटा, कुठून सुलटा तेही माहीत नाही. त्यांना शिकवू की रांग बघू?

आई सकाळी माझ्याआधी तयार होती. म्हटलं, घरी थांब, सुरू झालं की कळवते. ऐकेल तर ना! खांबाजवळच्या बाकावर जाऊन बसली. काउंटरवर मी तुझी कोणी नाही, हे मीच तिला बजावलंय. लोकांना कळलं तर बोंब मारतील – हिच्या आईची सोय झाली म्हणून.

एक टायवाला सकाळपासून डोकं खातोय. परवा त्याची नोकरीची मुलाखत आहे. "तुमच्या खेळण्याला किल्ली द्या!" असं ओरडला. माझं तोंड सुटणार, एवढ्यात मागून आई – "अहो, ती काय मुद्दाम बसलीय का बंद करून? मॅडमना घोटभर पाणी तरी पिऊ द्या." मॅडम! मला हसावं की रडावं कळेना.

तिच्या नाकावर मावशीचा चष्मा होता. जाता जाता हळूच विचारलं, हे काय? म्हणाली, "माझा घरी राहिला." वेंधळी कुठली.

मंगळवार, संध्याकाळी

एकच विमान सुटलं. घरच्या तिकिटांपैकी एकालाही जागा नाही.

बुधवार, ११ मार्च

लिहावं की नाही... लिहितेच. माझ्याशिवाय वाचणार कोण?

शेवटची एक जागा राहिली. यादीत पुढचं नाव टायवाल्याचं. मी खोडरबर घेतला, त्याचं नाव खोडलं, तिथे आईचं लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

नाव पुकारलं. आई आली. कागद नाकाशी नेऊन बघितला. खोडल्याची खूण लपते थोडीच! आणि सगळ्यांसमोर मोठ्याने – "मॅडम, चुकलं तुमचं. हे गृहस्थ माझ्या आधी होते. त्यांना पाठवा."

टायवाल्याने आ वासला. मग आईच्या पाया पडायला वाकला. आई म्हणाली, "पाया पडताय कसले, पळा! विमान जाईल."

माझं डोकं असं फिरलं! तिकडे सख्खी बहीण डोळे लावून बसलीय आणि ही इथे सत्याचा अवतार! कोणासाठी नाव खोडलं मी? नोकरी जायची वेळ आणली स्वतःवर, ती कोणासाठी? बसमध्ये एक अक्षर बोलले नाही. जेवताना पण नाही. ती दोनदा म्हणाली, "हाताला तेल लावून देऊ का?" मी उठून गेले.

गुरुवार, १२ मार्च

सहाला पडदे उजळले! टाळ्या काय, शिट्ट्या काय. मी आधी आईचं तिकीट काढलं – साधं, रांगेतलं, खिडकीजवळचं. साहेबांकडून अर्धा दिवस सुट्टी मागितली आणि धावत घरी आले; आज तिला न सांगताच निघाले होते.

गुरुवार, दुपारी

तिकीट हातात दिलं. आईने मावशीचा चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

"ती सोमवारीच गेली गं. दुपारी दीडला. विमानं बंद आहेत, माझ्यासाठी थांबू नका, असं मीच सांगितलं त्यांना. तुला कळलं असतं तर तुझा हात चालला असता का त्या कागदांवर? आणि घरी एकटी बसून काय करणार होते मी? तिथे निदान तू दिसत होतीस."

काल मी तिच्याशी बोललेसुद्धा नाही.