कपिला गावाबाहेर

शहापूर, पौष वद्य पंचमी, सन १९३८

काल पहाटे बिबट्याने कपिलेचं वासरू नेलं. आज दिवसभर गाय हंबरते आहे आणि तो आवाज थेट माझ्या चुलीपर्यंत येतो.

दिवाळीनंतर दवंडी पिटली होती, की वस्तीत कोणी गुरं बांधायची नाहीत, गोठे ओढ्यापलीकडे न्यावेत. सासऱ्यांनी मुकाट्याने तिकडे कुडाचा गोठा घातला. पण कुडाने बिबट्या थोडाच अडतो?

संध्याकाळी मामंजी चुलीपाशी येऊन म्हणाले, "पोरी, कालोख पडला की कपिलेला पडवीत आनतो. कोनाला कलनार नाय."

मी नाही म्हटलं. एकदम, जोरात. मग माझी मलाच लाज वाटली. आई मेलेल्या त्या कपिलेला त्यांनी बोटाने दूध पाजून वाढवलं आहे... पण पडवीला लागूनच विहीर आहे. पावसाळ्यात गोठ्याची घाण तिच्यात झिरपली, आळीत जुलाब-वांत्या सुरू झाल्या आणि माझी लेक सुमा गेली. नियम वाईट आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पुन्हा हंबरणं ऐकू आलं, तसे मामंजी उठले. घोंगडी आणि कोयता घेतला.

"मंग मीच जातो तिच्याजवल निजायला," म्हणाले. "सुमा माझी बी व्हती."

मी कंदील पेटवून हातात दिला. ओढा ओलांडेपर्यंत उजेड दिसत होता. त्यांना कपिलेसकट परत बोलवायला एक हाक पुरली असती. ती माझ्याने मारवली नाही.