निम्मा चमचा

४ फेब्रुवारी
वनमालानं पेला ढकलला. चादरीवर सांडलं. सांडलं कसलं — सरकत सरकत खाली आलं!
"हे पानी न्हाई, खळ हाय. पोस्टरं चिकटवा ह्यानं."
अर्धांगवायूनंतर बायकोला नीट गिळता येत नाही. साधं पाणी श्वासनळीत जातं, ठसका लागतो. म्हणून दवाखान्यातल्या सुनिता सिस्टरनी पूड दिली आहे: पेलाभर पाण्यात एक चमचा. पाणी मधासारखं होतं, घशातून सावकाश उतरतं. तीन आठवडे हेच. दिवसाला एक पेलाही संपत नाही. ओठ फुटलेत.
"असं तान्हेलं जगण्यापरीस..." म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

५ फेब्रुवारी
पुरवणीचा लेख सातच्या आत पाठवला. बाराशे शब्दांचे सहाशे केले, लेखाचा जीव तसाच राहिला. तीस वर्षं हेच करतोय.
उद्या पूडही निम्मी घालून बघतो. निम्मं घट्ट होईल, एवढंच ना?

६ फेब्रुवारी
प्यायली! अख्खा पेला! ठसका नाही!
"लई दिसानं घसा भिजला. शाने हाव तुमी."

७ फेब्रुवारी
तीन पेले. ठसका नाही.

९ फेब्रुवारी
शेजारच्या इसाक सरांना कौतुकानं सांगितलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ते हसले नाहीत.
"पूड निम्मी म्हणून घट्टपणा निम्मा? असा हिशेब नसतो, भाई. पुडीत रेणूंच्या लांब लांब साखळ्या असतात. दाटी असली तर एकमेकींत गुंततात, तवा पाणी घट्ट होतं. निम्म्या केल्या की गुंता सुटला. दहावा हिस्सा बी उरत न्हाई."
घरी येऊन चमच्यातून ओतून पाहिलं. सरळ धार. पाणीच!
चार दिवस मी तिला पाणी पाजतोय. मग ठसका का नाही?

१० फेब्रुवारी
पहाटे ताप. धाप. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणलं. न्यूमोनिया, उजवी बाजू.
सुनिता सिस्टर म्हणाल्या, "सर, ठसका न्हाई म्हणजे नीट गेलं, असं न्हाई. घसाच सुन्न असतो. पाणी गुपचूप छातीत उतरतं."
मला विचारायचं सुचलं नव्हतं. एक फोन!

११ फेब्रुवारी
ऑक्सिजन. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी
ताप उतरला. मास्क काढल्यावर तिची माफी मागितली. हळूहळू म्हणाली, "छातीत घुरघुरतंय, हे मला पयल्याच दिशी कळलं व्हतं. सांगितलं असतं, तर तुमी पेला काढून घेतला असता."