गाडी उंचच हवी

४ ऑक्टोबर, शनिवार

निर्णय झाला. गाडी घ्यायची, आणि उंचच घ्यायची.

आपला होमस्टे आहे. दोन खोल्यांचा का होईना, पण नागावात नाव आहे. अशा माणसाने पावसाळ्यात रेनकोट घालून बाइकवरून कोथिंबीर आणायची हे बरं दिसत नाही. होमस्टेचं मॅनेजमेंट मी बघतो. जेवण, चादरी, बुकिंग आणि हिशोब कमळ बघते.

प्रश्न एवढाच की छोटी क्रॉसओव्हर की हॅचबॅक. तसा तो प्रश्नच नाही. कमळ म्हणाली, हॅचबॅक घ्या, आपल्या गल्लीत वळेल. गाडीकडे बघायची ही काय दृष्टी झाली? मी तिला ग्राउंड क्लिअरन्स समजावला. रूफ रेल समजावले. उंच सीटवरून रस्ता कसा आपल्या ताब्यात वाटतो तेही सांगितलं. ती कोलंबी सोलत होती. ऐकत असावी.

संकल्प: पाडव्याला गाडी दारात. तोपर्यंत रोज सकाळी बीचवर चालायचं. उंच गाडीत चढताना धाप लागलेली चांगली दिसत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

भरती होती. चालणं उद्यापासून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला विश्वासघात.

सदा माझा शाळेपासूनचा दोस्त. रेवदंड्याला स्वतःची बोट, आणि मुख्य म्हणजे स्वतःची क्रॉसओव्हर. मी त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. आधी फोनवर सगळं नीट ठरलं होतं. मी विषय काढणार, त्याने उंच गाडीचे फायदे सांगायचे, कमळने ऐकायचं.

बोंबील संपेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मग हात धुऊन येऊन म्हणाला, "वैनी, माजं ऐकाल तर छोटीच घ्या. माजी गाडी मी आजून घरापर्यंत न्हेली न्हाय. देवळाजवळ लावतो नि चालत जातो."

कमळ हसली. तो हसला. माझ्या घरचे बोंबील आणि मत हॅचबॅकला.

जाताना मी त्याला गेटपाशी गाठलं. तो म्हणाला, दिना, खोटं कसं बोलू, वैनींनी वाढलंन ना. म्हणजे मी नुसता बोलावणारा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सासूबाईंचा श्रीवर्धनहून फोन. ठमाबाई एकट्या राहतात. सुपारीची वाडी सोडून यायला तयार नाहीत. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्यांना दर महिन्याला अलिबागला यावं लागतं. डॉक्टर म्हणतात, चुकवलंत तर नजर जाईल. ऑगस्टची तारीख चुकली; नंतरच्या दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी आणलं. मी आणायला जाणार होतो, पण त्याच दिवशी एका गेस्टने ऑनलाइन लिहिलं की बाथरूममध्ये बेडूक होता, आणि त्याला उत्तर देणं भाग होतं. उत्तर उत्तम झालं. निसर्गाच्या सान्निध्याचा मुद्दा मी छान मांडला.

कमळला आज शब्द दिला: उंच गाडी येऊ दे, मग आईंना दर महिन्याला मी स्वतः आणीन. ती काही बोलली नाही. पूर्ण विश्वास असला की माणूस बोलत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

अलिबागला शोरूम. पियूष नावाचा तरुण सेल्समन. अत्यंत अदबशीर. वाक्याच्या सुरुवातीलाही सर आणि शेवटीही सर. लिंबू सरबत, ब्रोशर, एसी. आपली पारख असलेली माणसं जगात अजून आहेत.

मी क्रॉसओव्हरच्या सीटवर बसलो. काय दृश्य! समोर शोरूमची काच आणि काचेपलीकडे अख्खा रस्ता माझ्या खाली. चढताना गुडघा किंचित वाजला, पण ते एसीमुळे.

तेवढ्यात कमळ जाऊन हॅचबॅकच्या ड्रायव्हर सीटवर बसली. सीट पुढे घेतली, आरसे फिरवले, पाय लावून बघितले. म्हटलं, बसू दे, हौस आहे. पियूष तिच्या खिडकीशी उभं राहून बराच वेळ बोलत होता. निघताना त्याने तिचाच नंबर घेतला. मोठ्या लोकांना थेट फोन करत नाहीत, घरच्यांमार्फत करतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कमळचा बचत गट सध्या फार जोरात आहे. आठवड्यातून तीनदा अलिबाग. मी कधी अडवत नाही. बाईमाणसाने चार बायकांत मिसळावं.

एक काळजी मात्र आहे. टीव्ही बघताना तिचा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो आणि हळूहळू वर येतो. बहुतेक कॅल्शियम कमी झालंय. गोळ्या आणून दिल्या. तिने निमूट घेतल्या.

चालणं: पायात चपलेचा घट्टा. दोन दिवस विश्रांती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

माझं लायसन्स जुनं आहे. कंपनीत असताना जीप चालवलेली, कंपाउंडच्या आत. पाया पक्का आहे, फक्त पॉलिश हवं. त्यासाठी तीन दिवस व्हिडिओ बघतोय. हात बसल्यात जमा आहे.

रात्री जेवताना कमळलाही थोडी थिअरी शिकवली. ताटावर लिंबाची फोड, पापड आणि मिठाची वाटी मांडली. म्हटलं, हा क्लच, हा अॅक्सिलरेटर, हा ब्रेक. ती म्हणाली, "अहो, ब्रेक मधे असतो." मी म्हटलं, बरोबर, लक्ष आहे का तेच बघत होतो.

हुशार आहे. कोणी नीट शिकवलं तर शिकेल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा विश्वासघात, आणि हा रक्ताचा.

कल्पिताला पनवेलला फोन केला. एकुलती एक मुलगी, लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली. म्हणजे उंचीचं महत्त्व तिला तरी कळायला हवं. म्हटलं, आईला जरा समजाव. ती म्हणाली, "पप्पा, आईलाच ठरवू द्या ना. वापरणार ती आहे." मी विचारलं, वापरणार म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे बसणार. आणि तिला ऑफिसचा दुसरा कॉल आला.

थोड्या वेळाने तिचा कमळला फोन. स्वयंपाकघराचं दार लावून दोघी बोलत होत्या. मधेच "रिव्हर्स" आणि "पप्पांचा चेहरा" एवढंच ऐकू आलं. शंकरपाळ्यांबद्दल असावं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

न्याय असतो. उशिरा असतो, पण असतो.

पियूषचा फोन, या वेळी मलाच. म्हणाला, सर, उद्या क्रॉसओव्हर तुमच्या घरी टेस्ट ड्राइव्हला आणतो. मी मागितलीही नव्हती. शोरूमने गाडी घरी पाठवणं ही काय साधी गोष्ट आहे? कमळला सांगितलं तर ती म्हणाली, "हो का? छान. गल्लीतून घरापर्यंत आणून बघा एकदा."

शेवटी पटलं तिला. मीही मोठेपणाने विषय वाढवला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

जे झालं ते लिहून ठेवतो, कारण गावात ते वेगळं सांगितलं जाईल.

गाडी पांढरी. मोठ्या रस्त्यावरून मी स्वतः चालवायला घेतली, शेजारी पियूष. पहिली काही मिनिटं अप्रतिम. मग गल्ली. सेन्सर लगेच बोंब मारायला लागला. गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स फार घाबरट आहे. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, चिऱ्याचे गडगे. विहिरीपाशी वळण. मी वळवली. गाडी अर्धी वळली आणि मग ना पुढे, ना मागे. उजवा आरसा गडग्याला टेकला.

समोरून पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो आला. मागे पुण्याची गाडी येऊन थांबली, आमच्याच होमस्टेचं दिवाळीचं बुकिंग. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पियूष म्हणाला, सर, रिव्हर्स. मी टाकला. तो पहिला निघाला. चिरा थोडा सुटला. चूक गडग्याचीच, तो सरळ बांधलेला नाही.

घाम किती आला ते लिहीत नाही. पियूषने सर म्हणायचं बंद केलं होतं, एवढंच लिहितो.

तेवढ्यात कमळ आली. हाताला बेसन लागलेलं, लाडू वळत होती ना. गाडी बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, "अहो, उतरा."

मी म्हटलं, उतरतो कुठून? माझ्या बाजूचं दार गडग्याला चिकटलंय. मग पियूष डावीकडून उतरला आणि मी गिअरवरून तंगडी टाकत डावीकडच्या सीटवर आलो. मधेच पँट अडकली. पुण्याच्या गाडीतली पोरं खिदळली. मी उतरलो आणि कमळ ओढणी कमरेला बांधून त्याच वाटेने आत गेली. मी ओरडलो, "अगं, वेडी आहेस का? हे खेळणं नाही!"

तिने बेसनाचे हात ओढणीला पुसले. सीट पुढे घेतली. खिडकीतून हात बाहेर काढून आरसा दुमडला. पुण्याच्या गाडीला मागे जायची खूण केली, मान वळवली आणि ती पांढरी गाडी एका दमात, कुठेही न घासता, मागे मागे नेत थेट मोठ्या रस्त्याला लावली.

टेम्पोवाला म्हणाला, "वैनी, एक नंबर." पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या.

मी चालत रस्त्यापर्यंत गेलो. विचारलं, हे कधी?

"नवरात्रात लायसन्स आलं," ती म्हणाली. "अलिबागच्या जागृती मॅडमकडे शिकले. आता रस्त्याची प्रॅक्टिस चालू आहे."

"आणि बचत गट?"

"गटाची मीटिंग महिन्यातून एकदाच असते."

मी पियूषकडे बघितलं. एवढा तरी माणूस माझा असेल. तो बूट बघत म्हणाला, "मॅडमनीच सांगितलं होतं. सरांना एकदा गल्लीत आणून दाखवा, त्याशिवाय पटायचं नाही. मॅडमची हॅचबॅक पाडव्याला रेडी आहे."

मॅडमची.

२० ऑक्टोबर, सोमवार

कमळशी बोलत नाही. तिला अजून कळलेलं दिसत नाही, कारण पाहुण्यांची गर्दी आहे.

सगळ्यांना माहीत होतं. सदाला माहीत होतं. कल्पिताला माहीत होतं, शिकायचं तिनेच सुचवलं. सासूबाईंनाही माहीत होतं. नजर अधू, पण त्यांना दिसलं. एका घरात राहून मला फक्त कॅल्शियम दिसलं.

दुपारी राहवलं नाही. ती चादरी वाळत घालत होती. दुसरं टोक धरून विचारलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्हीच शिकवायला बसला असतात."

मग चादर झटकून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईची एक तारीख गेली. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, डबा भरून दुपारपर्यंत ओट्यावर बसली होती. तुम्ही येणार म्हणून. दुसरी तारीख मला जाऊ द्यायची नव्हती."

ओट्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

तरीही म्हणेन, विषय गाडीचा होता. आईंना मधे आणून तिने मुद्दा बदलला. असंच लिहून ठेवतो. चादर मात्र मीच पूर्ण घडी केली. वाळली नव्हती, पुन्हा घालावी लागली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

डिलिव्हरी. हॅचबॅक लाल. चावी कमळच्या हातात, हार बॉनेटवर, फोटो. फोटोग्राफर म्हणाला, काका, नारळ जरा खाली धरा, मॅडमचा चेहरा झाकतोय.

सदा पेढे घेऊन आला. मी एकच खाल्ला, निषेध म्हणून.

गल्लीत गाडी सरळ आत आली, वळली, उभी राहिली. मी उगाच "येऊ दे, येऊ दे" म्हणत हात हलवत होतो. तिने आरशात बघितलं असेल, नसेल.

संकल्प: मन मोठं करायचं. लांबच्या प्रवासात गाडी आपोआप माझ्याकडे येईल. घाट, बोट, गर्दी हे नवशिक्याचं काम नाही. मी वाट बघीन.

२ नोव्हेंबर, रविवार

श्रीवर्धनहून सासूबाईंना घेऊन आलो. म्हणजे आणलं कमळने, मी बरोबर होतो. उद्या डॉक्टरांची तारीख आहे.

जाताना मुरूडपर्यंत मी सूचना देत होतो. मुरूडनंतर तिने रेडिओ लावला.

सासूबाई ओट्यावरच होत्या. पिशवी मांडीवर, कुलूप हातात. गाडी थांबली तर चटकन उठल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. कमळने उतरून हात धरला. मी डिकी उघडायचं बघत होतो. ती चावीने उघडते की बटणाने ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सासूबाईंना पुढे बसवलं. मागे मी, सुपारीची गोणी आणि फणसाची दोन रोपं. एक रोप पूर्ण वेळ माझ्या कानात होतं. वाटेत सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, गाडी बरी घेतलीत हो. चढायला तरास न्हाय काय न्हाय." मी हूं म्हटलं. कमळने आरशातून माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. मीही पुढे काही बोललो नाही. काही गोष्टींत नवरा-बायकोचं एकमत असतं.

दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी रांग होती. जाताना बोट रिकामी होती, धक्काही सपाट; इथे खरा कस. उताराचा धक्का, मधे फळी, बाजूला पाणी. मनात म्हटलं, आता ती मागे वळून म्हणेल, अहो, इथे तुम्ही घ्या. मी पायाखालची गोणी सरकवून तयार झालो. शर्टही नीट केला.

बोटीवरचा माणूस खिडकीशी आला. आत वाकून बघितलं. कमळला म्हणाला, "ताई, सरळ घ्या, बिनधास्त." मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, "आजींना बसू दे. बाकीचे उतरा."

बाकीचा मी एकटाच होतो. उतरलो.