निळ्या काठाचे कप

तीर्थरूप अप्पा,

लांबूनच पाया पडतो. आईलाही सांगा.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, जेवण बरं असतं. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या कपबश्यांच्या कारखान्यात मी पोरींना तुमचंच काम शिकवतो. लाकडी काडीने कप वाजवायचा आणि डोळ्याला न दिसणारी चीर आवाजावरून पकडायची. आधी हसायच्या, "मास्तर, कपाशी गप्पा मारता का?" आता त्यातली एक तुमच्यासारखीच डोळे मिटून वाजवते. एकदाही चुकत नाही. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

परवा नवी ऑर्डर आली. पांढरा कप, निळा काठ. तुम्ही तिकडच्या कारखान्यात पंचवीस वर्षं वाजवताय, तोच. साहेब म्हणाले, "तुमच्या देशाने बाहेरच्या मालावरची जकात उठवली, आता हा सगळा माल तिथे न बनता इथूनच तिकडे जाणार. तू पोरी तयार केल्यास म्हणून जमलं." माझी पाठही थोपटली.

मी तीनशे कप वाजवले. एक तरी चिरलेला निघू दे म्हणून. सगळे खणखणीत वाजले.

अप्पा, तुमच्या टेबलावर निळ्या काठाचा माल अजून येतो ना? आईला न सांगता कळवा.

तुमचाच कान घेऊन आलेला,
धाकटा